लघुग्रहाची माती आणि रघुकाका

“बांधाजवळची घेतली असेल, तर सगळी मेहनत फुकट.”

शेजारचे रघुकाका ओट्यावर बसून कुणाला तरी झापत होते. मला वाटलं, सापगावातलाच एखादा शेतकरी असेल. बाहेर येऊन पाहिलं तर समोर फक्त वर्तमानपत्र. एका यानानं लघुग्रहावरून आणलेल्या मातीची बातमी होती आणि काका शास्त्रज्ञांना सुनावत होते.

काका निवृत्त कृषी सहायक. मातीचे नमुने गोळा करण्यात हयात गेली. लग्नाला गेले तरी मांडवाच्या खड्ड्यातली माती चिमटीत चोळून बघणार. घरात सापगावपासून टोकावड्यापर्यंतच्या मातीच्या कापडी पिशव्या, प्रत्येकीत शेताच्या नावाची चिठ्ठी. काकू म्हणतात, “आमच्या दिवाणात गाद्या नायत, तालुके हायत.”

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून यानाविषयी मोबाइलवर वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी फारशी बोलत नाही. काकांना ते सोयीचंच होतं.

“यान तिथं टेकलं किती वेळ?”

“काही सेकंद.”

“घ्या. नागमोडी फिरायचं, आठ-दहा खड्डे घ्यायचे, सगळी माती मिसळायची. नायतर तपासणी शेताची नाय, एका ढेकळाची होते. कळव त्यांना.”

मी मान डोलावली.

झाकणात खडे अडकल्यामुळे थोडी माती अवकाशातच सांडली, हे वाचलं तेव्हा पिशवीचं तोंड कसं आवळावं यावर भाषण होणार असं वाटलं. पण काका एवढंच म्हणाले, “सांडली ती आता कुणाची गो, बाय?”



त्याच रविवारी काकूंनी दिवाण झाडायला मदतीला बोलावलं. तळाशी एक पिशवी निघाली, रिकामी. आत फक्त चिठ्ठी, काकांच्या अक्षरात : ‘आंब्याखालचं खाचर’.

“यांचं मुरबाडकडचं शेत,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “हे लहान असताना धरणात गेलं. वैशाखात पाणी उतरलं की बांध दिसतात. दरसाल जातात, काठावर बसतात नि रिकाम्या हातानं येतात. आता परवा परत जायचं म्हणतायत.”

काका दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पिशवी माझ्या हातातून घेऊन त्यांनी तिची घडी घातली.

“एवढ्या वर्षांचा गाळ बसलाय त्यावर,” ते म्हणाले. “खाली आपली माती हाय का नाय, खणल्याशिवाय कळायचं नाय. आणि खणलं नि नसलीच, तर?”

मला बोलायचं असतं ते नेहमी घरी पोचल्यावर सुचतं. त्या दिवशी मात्र तिथेच तोंडातून निघून गेलं.

“मी खणते, काका. तुम्ही काठावर बसा.”