खुर्ची घ्या, संकोच नको!

आमचं हॅझलब्रुक 'झोपाळू' आहे म्हणे! झोपाळू! मागे एका मासिकाने ओहायोतल्या उपनगरांची ओळख करून देताना आमच्याबद्दल हा शब्द छापला, आणि तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून निवलेलं नाही. काय तर म्हणे, इथली माणसं दिवसभर शहरात राबतात आणि गावात नुसती झोपायला येतात. अरे, आम्ही गाव वसवलंय की गादी घातलीय? आमच्याकडे अग्निशमनाचा बंब आहे, शाळेचा स्वतःचा बँड आहे, आणि अंगणातलं गवत किती वाढू द्यावं यावरून अशी भांडणं होतात की ऐकणाऱ्याची झोप उडावी!

त्यात लोक आम्हाला हमखास वेस्ट हॅझलब्रुक समजतात. वेस्ट हॅझलब्रुक म्हणजे हमरस्त्यापलीकडचे पेट्रोलपंप आणि गाद्यांचं एक दुकान. त्याला गाव म्हणायचं तर माझ्या गॅरेजलाही महापौर नेमायला हवा! कुणी आमच्या नावाआधी 'वेस्ट' छापलं की मी, ऑर्विल टिमन्स, ताबडतोब फोन करून दुरुस्ती छापायला लावतो. वर्तमानपत्रवाले माझा आवाज ओळखतात. ओळखल्यावर फोन ठेवतात, ही गोष्ट वेगळी.

यंदा तेच मासिक पुन्हा आमच्यावर लिहिणार असं कळलं. त्यांची लेखिका ट्रिश लँगडन चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीला येणार होती. म्हटलं, आता ही संधी सोडायची नाही. केला फोन.

"बाई, आमच्या लोकांची नियत बघायला या! आदल्या दिवशी आम्ही रस्त्याच्या कडेला खुर्च्या मांडून जागा धरतो. रात्रभर उघड्यावर असतात, पण कुणी बोट लावत नाही!"

"त्या घडीच्या, नायलॉनच्या पट्ट्यांच्या ना? त्यांना कोण बोट लावणार, मिस्टर टिमन्स?" असं म्हणून ती हसली. हसली!

"नायलॉनच्या कशाला? माझ्या सासूबाईंच्या अक्रोडाच्या खुर्च्या ठेवतो! सकाळी या आणि बसा त्यांच्यावर!"

बोलून बसलो. जिभेला काय, हाड नसतं!

या सहा खुर्च्या म्हणजे माझ्या बायकोच्या, ग्रेटाच्या, आईची एकमेव आठवण. जेवल्यावर मी जरा मागे रेललो तरी ग्रेटा कपाळाला आठ्या घालते. शिवाय चार जुलैला संध्याकाळी तिचा भाऊ सहकुटुंब जेवायला येणार होता. पण आदल्या दिवशी ती बटाट्याच्या सॅलडसाठी चर्चच्या स्वयंपाकघरात गेली होती. मी खुर्च्या व्हॅनमध्ये घातल्या आणि मेन स्ट्रीटवर लायब्ररीसमोर मांडल्या. त्या घडीच्या खुर्च्यांच्या रांगेत त्या लग्नातल्या वरमायांसारख्या शोभत होत्या. पहिलीवर मी ठसठशीत अक्षरांत पाटी लावली: 'पाहुण्यांनो, खुर्ची घ्या! संकोच नको!' मग घरी येऊन जेवणघराचं दार ओढून घेतलं. ग्रेटा दमून आली ती सरळ झोपली. मला मात्र आनंदाने डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी ती पुन्हा चर्चमध्ये गेल्यावर मी लायब्ररीसमोर पोचलो. खुर्च्या गायब! सगळ्याच नव्हे हं. घडीच्या सगळ्या जागच्या जागी! विटेच्या टेकूवर उभी असलेली तीन पायांची खुर्चीसुद्धा तिथेच! गेल्या त्या फक्त माझ्या सहा. पाटी तेवढी गवतात पडली होती.

"वेस्टवाल्यांनो! चोरांनो!" मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडलो.

तेवढ्यात माझा शेजारी ड्वाइट केसलर शीळ घालत आला. त्याच्या हातांना निळा रंग लागला होता.

"काय रे, सकाळी सकाळी कुणाच्या नावाने शंख करतोयस?"

"खुर्च्या चोरीला गेल्या! लाकडी!"

"हां, त्या होय! चोरीला कुठे? फुकट होत्या. एक मीच नेली. मस्त निळी रंगवतोय."

"फु... फुकट?"

"अरे बाबा, कडेला घडीची खुर्ची असेल तर ती जागा धरलेली. लाकडी असेल तर ज्याला हवी त्याने न्यावी. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे! मागे माझं पुस्तकांचं कपाट रस्त्याच्या कडेवरून उचललंस, तेव्हा मला विचारायला आला होतास?"

"ती गोष्ट वेगळी! आणि पाटी नाही वाचलीस?"

"वाचली की! खुर्ची घ्या, संकोच नको. खरं तर मला जरा संकोच वाटत होता. पाटी पुन्हा वाचली, तेव्हा कुठे हिंमत झाली."

"गाढवा! घ्या म्हणजे बसा!"

"मग 'बसा' लिहायचं ना, शहाण्या!"

सांगा आता! यजमानाने पाहुण्याला 'खुर्ची घ्या' म्हटलं, तर पाहुणा ती बगलेत मारून घरी जातो का? पण हॅझलब्रुकमध्ये जातो. "कुणी कुणी नेल्या?" मी दात खात विचारलं. ड्वाइटला सगळं माहीत होतं. दोन अग्निशमन केंद्रात, एक न्हाव्याकडे, आणि दोन...

"दोन ओपलबाईंनी चर्चसाठी नेल्या. स्वयंपाकघरात बसायला काहीच नाही म्हणत होत्या."

स्वयंपाकघरात! ग्रेटा तिथेच होती! मी धावत सुटलो.

चर्चच्या तळघरात ग्रेटा बटाटे सोलत होती. बसली होती आपल्याच आईच्या खुर्चीवर! शेजारच्या खुर्चीवर चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या ओपल हेनिगनबाई ऐसपैस विसावल्या होत्या.

"ऑर्विल, बरा आलास!" ग्रेटा म्हणाली. "ही खुर्ची बघ. अगदी आईच्यासारखी आहे ना? कुणा करंट्याने रस्त्यावर टाकली होती म्हणे."

"माणसांना किंमत नसते गं," ओपलबाई उसासा टाकून म्हणाल्या.

"हो ना! या पायावर तर दातांच्या खुणासुद्धा आहेत. मला दात येत होते तेव्हा मी आईच्या खुर्चीचा पाय असाच..."

ती थांबली. तिने खाली वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. हातात सुरी होतीच.

मी सगळं सांगितलं. गावाची इभ्रत, लेखिका, पाटी, सगळं. ओपलबाईंनी तेवढ्यात खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली. "चर्चला दिलेलं दान परत मागणारा मनुष्य मी आज पहिल्यांदा पाहिला!"

"मी दान केलं नव्हतं, ओपलबाई!"

"मग पाटीवर लिहायचं तसं!"

सगळे मला लिहायलाच शिकवत होते!

ग्रेटा सुरी खाली ठेवत शांतपणे म्हणाली, "ऑर्विल, संध्याकाळी आईच्या सहाही खुर्च्या टेबलाशी दिसल्या पाहिजेत. नाही तर तू अंगणात जेवायचं. पार नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत." तिचा आवाज मात्र जरा कापला. मग मला स्वतःचाच राग आला. म्हणजे ड्वाइटचा तर आलाच, पण थोडा स्वतःचाही.

ओपलबाईंना मी माझ्या घडीच्या खुर्च्या कबूल केल्या, तेव्हा त्या उठल्या. न्हाव्याने नेलेल्या खुर्चीवर गिऱ्हाईक अर्धवट दाढी होऊन बसलं होतं, त्याला हाताला धरून उठवलं. अग्निशमनवाले म्हणाले, "बंब मिरवणुकीला निघतोय, साहेब, नंतर या." मी बंबापुढे आडवा उभा राहिलो, तेव्हा कुठे त्यांनी दोन्ही खुर्च्या आणून दिल्या. ड्वाइटच्या खुर्चीचे पाय निळे आणि ओले होते, पण बाकीची वाचली होती. मिरवणूक निघाली तेव्हा सहाही खुर्च्या लायब्ररीसमोर उभ्या होत्या आणि माझी पाठ मोडली होती.

ट्रिश लँगडन आली. "अरे वा! खरंच जागच्या जागी आहेत की!"

"आमच्या गावात," मी धापा टाकत म्हणालो, "कुणी बोट लावत नाही."

शेजारी ग्रेटा होती. तिने तोंड उघडलं, पण आईच्या खुर्चीवरून एकवार हात फिरवला आणि ती तिच्यावर बसली. जिंकलो! मी निळ्या पायांच्या खुर्चीत टेकलो. समोरून बँड येत होता. ऊन छान होतं. एवढंच मला आठवतं.

गेल्या महिन्यात मासिक आलं. पानभर फोटो आहे. मागे बंब भोंगा वाजवत चाललाय, पोरं कानांवर हात ठेवून उभी आहेत, आणि पुढे निळ्या पायांच्या खुर्चीत मी. मान मागे, तोंड उघडं, मांडीवर झेंडा. मथळा काय, तर 'बंबालाही न जागणारं गाव'! ग्रेटाने तो फोटो चौकटीत घालून जेवणाच्या टेबलासमोर लावलाय. तिचा भाऊ येतो तेव्हा आधी त्यालाच नमस्कार करतो.

फोटोखाली मात्र त्यांनी 'वेस्ट हॅझलब्रुकचे एक रहिवासी' असं छापलंय. दुरुस्तीसाठी मी अजून फोन केलेला नाही!