गोड्या पाण्याची वीज

आधीच सांगतो, बल्ब लागला होता. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पुढे वाचू नये.

विजेचे खांब आमच्या गावापासून दोन कोसांवर येऊन थांबले होते. सरपंच रोज जाऊन ते बघून यायचे, जणू बघितल्यानं खांब चालत येणार होते. मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझं डोकं फिरलं. म्हटलं, गेले ते खांब खड्ड्यात, वीज मी करतो!

त्याला लागतं काय? खारं पाणी आणि गोडं पाणी. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे धन आणि ऋण असे कण सुटे होतात. काही खास पडदे असतात, एक फक्त धन कणांना वाट देतो, दुसरा फक्त ऋण कणांना. ते एकाआड एक लावायचे आणि मधल्या फटींतून आळीपाळीनं खारं नि गोडं पाणी खेळवायचं. धन कण एकीकडे धावतात, ऋण दुसरीकडे, आणि झाली वीज. माझा मेहुणा मुंबईला एका प्रयोगशाळेत आहे. तिथले टाकून दिलेले पडदे त्यानं पाठवले. फकीर मोहम्मद सायकलवाल्यानं जुन्या ट्यूबा कापून पडद्यांच्या पेटीच्या कडा पक्क्या करून दिल्या. खाऱ्या पाण्याचा तर प्रश्नच नव्हता. पूर्णाकाठची आमची सगळी पट्टी खारपाण, विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही.

अडलं होतं गोड्या पाण्यावाचून. आणि एका रविवारी बघतो तर अंगणातला रांजण काठोकाठ भरलेला! माझा धाकटा भाऊ सहदेव बैलगाडीनं पार पिंपळगाव राजाहून गोडं पाणी घेऊन आला होता. मला वाटलं, भावाला माझ्या प्रयोगाची कदर आहे. ते पाणी कशासाठी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई म्हणते, सांगितलं होतं. असेल. पण मी पडदे लावत असताना कुणी सांगावं का?

तर भानगड अशी होती. त्या दिवशी धामणगाव बढ्याचे हिंमतराव आपल्या मुलीसाठी सहदेवला पाहायला येणार होते. सहदेवची आधीची दोन स्थळं पाण्यावरूनच मोडली होती. खाऱ्या गावात लेक कोण देणार? म्हणून आमची विहीर गोडी आहे असं ठोकून द्यायचं आणि रांजणातलं पाणी पाजायचं, असा आईचा बेत होता.

मी रांजणातून नळी मागच्या खोलीत घेतली. गोडं पाणी पेटीत शिरून खारं होऊन मोरीत जाऊ लागलं. ते तसंच असतं, गोड्याचं खारं होतानाच वीज निघते. दुपारपर्यंत बॅटरीच्या बल्बातली तार लाल झाली. उजेड जरा बेताचा होता, डोक्यावर घोंगडी घेऊन बघावं लागत होतं. पण लागला होता!

तेवढ्यात बाहेर आईचा आवाज आला. "आमची इहीर गोडी हाय, पाण्याची कायजी करू नका."

"मंग पाजा ना," हिंमतराव म्हणाले. "उन्हातून आलो."

सहदेव रांजणाकडे गेला आणि तिथून थेट माझ्या खोलीत आला.

"भाऊ, रांजणातलं पाणी कुठी गेलं?"

"बल्बात. हे पाह्य."

त्यानं पाहिलं नाही. "माह्या लग्नाचं पाणी होतं ते," तो म्हणाला आणि सख्ख्या भावाला बोलू नये ते बोलला. मीही तापलो. "खाऱ्या पाण्यातून वीज निघून राह्यली अन् तुले तांब्याभर पाण्याचं पडलं?"

"तांब्याभर? अख्खा रांजण होता बे!"

मोठ्या भावाला बे! मी हात उचलणार, एवढ्यात आवाज ऐकून हिंमतराव आत आले. मला बरं वाटलं, घरात एक तरी जिज्ञासू माणूस आला. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आमची विहीर इतकी खारी आहे की हा प्रयोग दुसरीकडे इतका साधणारच नाही, हेही सांगितलं. दारात आईनं कपाळाला हात लावला.

हिंमतराव घोंगडीखाली शिरले, बाहेर आले आणि आईकडे वळले.

"बाई, पाणी खारं हाय हे साऱ्या जिल्ह्याले ठाऊक हाय. माही पोरगी लांबून पाणी आणन, तेवढी धमक हाय तिच्यात. पण तिनं डोक्यावर आणलेलं पाणी हा माणूस या पेटीत ओतन, मंग?"

त्यांनी सहदेवकडे बोट केलं.

"पोरगा मले पसंत हाय. पण मोठा भाऊ जर वायला..."

"आजच निंगते तो वायला," आई म्हणाली.

वेगळं निघायचं! थोरल्या मुलानं, पगारदार मास्तरानं, तेही बायको बाळंतपणाला माहेरी असताना! मला वाटलं सहदेव तरी मध्ये पडेल. सहदेव माझी वळकटी बांधायला गेला होता.

लग्न झालं. घरी सत्यनारायण होता, म्हणून मलाही बोलावलं. गोड्या पाण्याचा रांजण पुन्हा भरलेला होता आणि त्याच्याजवळ नवी सून बसली होती. मी तांब्या पुढे केला. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, तांब्या भरला, पण हातातून सोडला नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "पेत असान तर इथीच पेऊन दाखवा."