हिंदुराव पिसाळ यांची सरोवरनगरीवरील स्वारी

कुलस्वामिनीचे स्मरण करून, थोरांचे चरणी मस्तक ठेवून, जैसे कानी आले तैसे लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, आषाढमासी हे वर्तमान घडले.

सातारा प्रांती हिंदुराव पिसाळ म्हणोन गृहस्थ, एसटीच्या आगारात भांडारपालाचे काम इमानेइतबारे करून निवृत्त जाहले. त्यांचे कुटुंब मथुराबाईसाहेब. लेक पुण्यास नोकरीवर, तिने आईबापांस विमानाची तिकिटे नजर केली आणि पश्चिम देशी सरोवराकाठी एक नगरी आहे ती पाहून यावी ऐसे विनविले. नगरी बहुत सुंदर आणि बहुत महाग. तेथे दोघांनी हॉटेलात एक वेळ जेवावे तो साताऱ्यात महिन्याचा किराणा यावा, ऐसी ख्याती. हिंदुरावांनी खर्चाचा हिशेब मांडोन पाहिला, परंतु लेकीचे मन मोडवेना, मग दशम्या, मेतकूट, बेसन ऐसी रसद बांधोन कूच केले.

नगरीत दाखल होऊन, विद्यार्थी उतरतात तैशा स्वस्त वसतिगृही मुक्काम केला आणि तेथील सामाईक स्वयंपाकघरात पिठले शिजविले. पाणी रस्त्यातील कारंज्यांचे प्यावे, ते निर्मळ आणि फुकट. चर्चमध्ये वादक सराव करी ते संगीत फुकट. संग्रहालय ज्या वारी फुकट खुले, त्याच वारी चाल करून गेले. बसगाडी न करिता सारी नगरी पायी तुडविली. प्रत्येक ठाणे फुकटात सर होता हिंदुराव मिशीवर ताव देत आणि पुढील ठाण्याकडे निघत. मथुराबाई मागून चालत. प्रथम हे काय, ते काय ऐसे विचारीत, मग विचारणे कमी जाहले आणि मग राहिलेच.

एके दिवशी सरोवराकाठी आले तो पांढरी नौका सुटावयास उभी. बाई म्हणाल्या, "अहो, एक फेरी मारूया का?"

राव दर वाचून म्हणाले, "पाणीच तर आहे. इथनं दिसतंय की सगळं."

बाई मागे फिरल्या. बाकावर बसल्या. नौका गेली. रावांनी दशमी पुढे केली, ती घेतली नाही. "पाय दुखतात का?" पुशिले. बाईंची नजर दूर जाणाऱ्या नौकेवरच. तेव्हा राव मनी घाबरले, कारण संतापलेली बाई त्यांस ठाऊक होती, ऐसी गप्प बाई ठाऊक नव्हती.

जवळच लाकडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या आणि त्या नगरीच्या पिकल्या केसांच्या बाया तेथे पोहत होत्या. मथुराबाई बराच वेळ पाहात राहिल्या. मग उठल्या, चपला काढल्या, ओढणी कमरेस घट्ट बांधिली आणि पंजाबी ड्रेसानिशी पायऱ्या उतरोन पाण्यात गेल्या. राव ओरडले, "अगं, खोल आहे! मथुरा!" तो बाई हात मारीत दूर निघाल्या, सरळ, संथ, आणि वळल्या आणि पाठीवर पडोन आभाळ पाहू लागल्या. राव काठावर दशमी हाती धरोन उभेच.

बाहेर आल्या तो एका गोऱ्या म्हातारीने हसून आपला टॉवेल दिधला. राव म्हणाले, "तुला पोहता येतं?"

"माहुलीची आहे मी. कृष्णेत पूर आला तरी पलीकडं जायची."

"कधी बोलली नाहीस."

"लग्नानंतर म्हटलं होतं एकदा, नदीवर जाऊया. तुम्ही म्हणालात, नळाला पाणी येतंय की."

रावांस ते आठवेना. आठवेना याचेच दुःख जाहले. जन्मभर आगारातील एकेक नटबोल्ट कोठे आहे ते आपण जाणिले आणि घरचे माणूस ऐसे राहोन गेले, हे मनी येऊन खाली बसले. मग हळूच म्हणाले, "अजून काय काय येतं तुला?"

बाईंनी केस पिळले. म्हणाल्या, "सरका जरा. सांगते."

तात्पर्य, नगरीतील नामांकित ठाणी पाहावयाची राहिली ती राहिलीच. उभयता सूर्य मावळेतो काठावर बोलत बसली. आणि त्या देशी आषाढात सूर्य फार उशिरा मावळतो.