आबांची जयंती

आमच्या मोशीच्या सोसायटीत सांस्कृतिक समिती म्हणजे मी! बाकीचे तिघे फक्त फोटोपुरते. त्या एप्रिलमध्ये मी अशी योजना काढली की पुण्यातल्या पेठांनी तोंडात बोटं घालावीत. गेटवर आठवड्याच्या दिनविशेषांचा एकच भला मोठा फ्लेक्स! अकराला महात्मा फुले जयंती, बाराला माणूस पहिल्यांदा अवकाशात गेला तो दिवस, चौदाला आंबेडकर जयंती, सोळाला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली तो दिवस. पंधरा तारीख मोकळी होती, आणि त्याच दिवशी माझ्या सासऱ्यांना, गेनबाआबांना, ऐंशी पूर्ण होत होती. दिला त्यांचाही फोटो!

फ्लेक्सवाल्या संघर्षला सगळं फोनवरच सांगितलं. "ताई, डिझाइन माझ्यावर सोडा!" म्हणाला. सोडलं. तिथंच घात झाला.

अकराच्या सकाळी फ्लेक्स लागला. मी कणीक मळत होते, तोच शेजारच्या विमलबाई डोळ्यांना पदर लावून दारात!

"वर्षाराणी, अगं कधी गेले गं आबा?"

"आबा? आत्ताच, दूध आणायला!"

विमलबाईंनी मला मिठीच मारली. "धक्का बसलाय गं पोरीला!"

गॅलरीतून वाकून पाहते तर गेटवर पांढऱ्या कपड्यांची जत्रा! कणकेच्या हातांनीच खाली पळाले. फ्लेक्सवर ठसठशीत अक्षरं : 'श्री. गेनबा जयंती'! वर फोटोला झेंडूचा हार! संघर्षला फोन लावला, तर म्हणतो कसा, "बाकीच्यांना हार आणि आबांनाच नाही, बरं दिसतं का, ताई?"

तेवढ्यात चाकणहून एक मोटरसायकल येऊन धडकली. आबांचे धाकटे भाऊ, रोहिदासकाका! बैलगाड्यांच्या शर्यतीत गाडा कुणाच्या नावानं पळवायचा, यावरून दोघांचं बोलणं तुटलेलं. आमच्या लग्नालासुद्धा काका आले नव्हते. कुणीतरी त्यांना फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. पायात एकच चप्पल. फ्लेक्सला कवटाळून ओक्साबोक्शी रडायला लागले.

"दादा, गाडा तुज्याच नावानं पळवाया पायजे व्हता रं!"

मी तोंड उघडणार, तोच मागून दबका आवाज आला, "गप, सूनबाई. बोलू दे त्याला. लई वर्सांनी बोलतोय."

आबा! हातात दुधाची पिशवी. पण त्यांनाच धीर निघेना. पिशवी माझ्याकडे देऊन ते पुढं झाले.

"रोह्या, आरं हाय मी अजून."

काका वळले. बघतच राहिले. आधी आबांच्या गालाला हात लावून पाहिला, मग पाठीत दणकन गुद्दा घातला. "जित्ता हायेस तर फोन न्हाई व्हय करता येत?"

दोघं गेटच्या कट्ट्यावरच बसले, एकमेकांचे हात धरून. सांत्वनाला आलेली मंडळी चहा पिऊन गेली. किती पातेली चढवली, विचारू नका!

मी फ्लेक्स उतरवायला निघाले, तर काका आडवे आले.

"ऱ्हाऊ दे त्यो. आन् दसऱ्याच्या म्होरं माजाबी लाव."

"लावते की, काका! 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', मोठ्या अक्षरांत!"

"छ्या! वाढदिवसाला कोण रडतंय? माजीबी जयंतीच लिव! बघू दे तर, दादा किती रडतोय!"