तात्यांचा योकोझुना

धसईच्या बाजारात भेंडीची पाटी मांडण्याआधी आमचे शेजारी काशिनाथतात्या मूठभर मीठ उधळतात. जपानातले सुमो पैलवान आखाड्यात उतरताना तसं करतात म्हणून. शेजारची मिरचीवाली दर बाजाराला ओरडते, "तात्या, मिरच्यांचं लोणचं घालता का माझ्या?"

लेकानं घेऊन दिलेल्या मोबाइलवर तात्यांना सुमो कुस्ती सापडली, तेव्हापासून भेंडीसोबत इतिहास फुकट. "योकोझुना म्हंजे सगल्यात वरचा पैलवान. पन पयली ही पदवी नव्हतीच रे! मोठ्या पैलवानाला कमरेला जाड दोर बांधायचा मान मिलायचा. त्या दोराचंच ते नाव. मंग मानसालाच म्हनाय लागले."

गिऱ्हाईक भेंडी मोडून बघत हं हं करतं. तात्या पुढं झुकतात. "आनि त्याला खाली उतरवता येत नाय. हारायला लागला का त्यानं आपनहून कुस्ती सोडायची."

यंदा जत्रेत रामा पैलवान उतरला. तात्यांच्याच वयाचा, एके काळी मुरबाड तालुक्यात त्याला जोड नव्हती. समोरच्या तरण्या पोरानं त्याला उचलून आपटलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कोणी ओरडलं, "आजोबा, घरी जा!" रामा मातीतून उठेचना.

तात्या धोतर सावरत आखाड्यात शिरले. "गप रे! योकोझुना रिटायर होतोय. तिकडं जपानात एकेक जन येऊन त्याची शेंडी थोडी थोडी कापतो."

"ह्यांना तर टक्कल हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

तात्यांनी रामाच्या मिशीकडं पाहिलं.

"काश्या, हात लावून तर बघ!" रामा बसल्या जागेवरून गुरगुरला.

लोक खो खो हसले, रामासुद्धा. मग तात्या म्हणाले, "बरं, डोक्यावर नुसता हात ठेवा."

सगळ्यांत आधी ते तरणं पोर आलं. त्यानं वाकून रामाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पायही धरले. मग पंच आले, मग शिट्ट्या मारणारे. शेवटी तात्या. त्यांनी ठेवलेला हात उचललाच नाही.

"मंग आता मी करू काय रे, काश्या?" रामानं हळूच विचारलं.

"बाजारच्या दिवशी येत जा माझ्याकडं," तात्या म्हणाले. "भेंडी इकत घेतात रे लोक. आयकत कोन नाय."