मंजूर नमुना

गादीवाल्याची बायको गेल्याचं दवाखान्यातून सकाळी कळलं, आणि दुपारी तिच्या नावाने क्रीडा कार्यालयाचं पत्र आलं. मैदानावर मुलींना तिरंदाजी शिकवताना आपण घरगुती लक्ष्यफलक वापरता असे निदर्शनास आले आहे; सदर फलक जप्त केले असून मंजूर फलक मिळेपर्यंत सराव बंद राहील. उत्तर सात दिवसांत द्यावे. बायकोला सात दिवसांत उत्तर देणं जमण्यासारखं नव्हतं.

पंधरा दिवसांनी पाच मुली दुकानात येऊन उभ्या राहिल्या. त्यातली थोरली म्हणाली, "काका, निवड चाचणी दोन महिन्यांवर आलीय. टार्गेट तेवढं करून द्या."

गादीवाल्याला भरण्याचं काम नवं नव्हतं. शेजारच्या फ्रीजच्या दुकानातून त्याने खोकी आणली, पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून एकावर एक दाबल्या आणि गोणपाटात बसवल्या. पुढच्या बाजूला चिंध्यांचा जाड थर हवा होता. कपाटात तिचे कपडे होते. दोन दिवस तो कपाट उघडून बंद करत राहिला. तिसऱ्या दिवशी कात्री घेतली. काठीने ठासून भरलं, दाभणाने शिवलं, वर रंगीत वर्तुळं काढली आणि हातगाडीवर घालून कार्यालयात नेलं.

साहेबांनी फलक चारही बाजूंनी पाहिला. याला एकही भोक नाही, म्हणजे चाचणी झालेली नाही, आणि चाचणीशिवाय मंजुरी नाही, असं त्यांनी समजावलं. गादीवाला फलक मैदानावर घेऊन गेला. थोरलीने सहा बाण मारले; सहाही आत अडकले, एकही आरपार गेला नाही. फलक परत कार्यालयात आला.

"याला सहा भोकं आहेत," साहेब म्हणाले. "खराब साहित्य मंजूर कसं करणार?"

समितीची बैठक झाली. तीन आठवड्यांनी भोकांना 'प्रात्यक्षिक छिद्रे' असं नाव मिळालं आणि तो अडसर दूर झाला. मग कारकुनाने आत काय भरलंय ते विचारलं.

"चिंध्या."

"कोणाच्या?"

"बायकोच्या."

"मग त्यांचं ना-हरकत पत्र जोडा."

ती वारल्याचं सांगितल्यावर कारकून हळहळला आणि वारसाचं पत्र चालेल म्हणाला. गादीवाल्याने तिथेच पेन काढलं. पण तो स्वतः अर्जदार होता, आणि अर्जदाराला स्वतःबद्दल हरकत नाही हे कार्यालयाने कशाच्या आधारे मानायचं? शेवटी मेव्हणीने सही दिली. "लिहा, हरकत नाही म्हणून," ती म्हणाली. "तीस वर्षं तुम्हाला सोसलं तिनं, सहा बाणांचं काय घेऊन बसलात, भावजी?" कितीतरी दिवसांनी गादीवाला हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

फलक मंजूर झाला. राज्यातला असा पहिलाच, त्यामुळे तो संदर्भ नमुना ठरला. संदर्भ नमुन्याला यापुढे हात लावायचा नाही असा नियम निघाला. इतर फलक याच्याशी तंतोतंत जुळले तरच मंजूर होणार होते, आतल्या भरावासकट. गादीवाल्याने सांगितलं, की तसे कपडे आता दुकानात मिळत नाहीत.

"तो तुमचा प्रश्न," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पुष्पगुच्छ देऊन त्याचा सत्कार केला.

फलक आता कार्यालयाच्या दारातच, काचेच्या कपाटात आहे. वर दिवा सोडला आहे, शेजारी अभिप्रायाची वही. आपणही कधी कुठल्या दाखल्यासाठी तिकडे गेला असाल, रांग लांब म्हणून दोन मिनिटं तिथे थांबला असाल, टाकाऊतून केवढं सुंदर केलंय म्हणाला असाल. वहीत सही आहे आपली. खाली 'असे उपक्रम सर्वत्र व्हावेत' असंही लिहिलंय.

निवड चाचणी गेल्या महिन्यात झाली. मुलींचा सराव अजून सुरू व्हायचा आहे.