रामटेके सरांच्या गणितातला धूर

यवतमाळच्या लोहारा भागातल्या आमच्या गल्लीत हिवाळ्यात कुणी पाणी तापवायला चूल पेटवली, की रामटेके सर वही घेऊन दारात हजर. नमस्कार वगैरे भानगड नाही. थेट चौकशी, "काय जाळून राह्यले? कापसाची पऱ्हाटी का तुरीची तुराटी?"

सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. लोक पेन्शनीत देवदर्शन करतात; सरांनी कॉम्प्युटर घेतला. चुली, ट्रक, वारा, थंडी, सगळं त्यात भरायचं. मग उद्या सकाळी यवतमाळच्या कोणत्या चौकात हवेत धुळीचे-धुराचे किती कण असतील, ते तो सांगणार. गच्चीवर ठेवलेल्या यंत्राशी सर तो आकडा ताडून पाहायचे. "कण कोनाले सोडत नाही, भाऊ," हे त्यांचं पालुपद. लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

याच गणिताने त्यांनी दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या चौकातली शेकोटी बंद पाडली. काय सकाळी होत्या त्या! आम्ही आठ जण, भाजलेल्या शेंगा, आणि सर्वांत लांबलचक गप्पा सरांच्याच. सरांनी आलेख दाखवला, लोकांनी ऐकलं आणि आपापल्या घरात मोबाईल बघत बसले. मला त्याचा तेव्हापासून राग होता.

या डिसेंबरात सरांना त्यांच्या जुन्या शाळेतून बोलावणं आलं, तुमचं गणित पोरांना दाखवा म्हणून. सर हरखले. पण नेमका आमच्याच चौकाचा आकडा चुकायचा, रोज यंत्रापेक्षा जास्त. सर म्हणायचे, यंत्र बिघडलं. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर जन्म काढलेला, बसलो तपासायला. यादीत एक ओळ सापडली: शेकोटी, चौक, सकाळी सहा, माणसं आठ.

"सर, हे तं कवाचंच बंद झालं. काढून टाका, आकडा जुळते."

सर मफलर सारखा करत राहिले.

"काढून पाह्यलं मी. जुळते. पन मंग चौकात कोनीच नाही राहत ना, भाऊ. मी धूर बंद करा म्हनलो. तुमी येनंच बंद करसान, हे मले काय मालूम?"

माझा राग तिथेच विरघळला. वाईट वाटलं ते स्वतःचंच.

शाळेच्या दिवशी पहाटे मी चार दारं ठोठावली आणि चौकात मूठभर पऱ्हाटी पेटवली. सर धावतच आले. ओरडतील असं वाटलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, माणसं मोजली.

"पाचच?"

"बाकीचे उठून राह्यले, सर. बसा."

सर बसले. शाळा आठची होती. आठ वाजत आले तरी ते उठेनात, म्हणून शेवटी मीच आठवण केली.

"थांबा ना भाऊ," सर म्हणाले, "कितीक दिवसानं बसलो."